एकाच उंचीचे दोन ठिपके

३ फेब्रुवारी

ताई,

सवयीने वर 'साष्टांग नमस्कार' लिहिलं होतं. खोडलं. ज्या हातांनी माझं घर पाडलं त्यांना नमस्कार घालण्याइतकी मी मोठ्या मनाची नाही.

काल कारखान्याच्या फाटकावर कागद लागला. 'अर्क विभागाचे प्रमुख यांना औषधात भेसळ केल्याबद्दल कामावरून काढून टाकण्यात आले आहे.' चार कोपऱ्यांना चार खिळे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मान वर करावी लागणार नाही अशी बेताची उंची. चौदा वर्षं ज्या फाटकातून हे आत गेले, त्याच फाटकावर. सकाळी समोरच्या काकूंनी मला विचारलं, "मास्तरांची तब्येत बरी आहे ना?" त्यांनी कागद वाचला होता, हे त्यांच्या आवाजावरून कळलं.

दम्याच्या औषधासाठी हे जो अर्क काढतात, त्यात स्टेरॉइड सापडलं म्हणे. अहवालाची नक्कल ह्यांच्या हातात दिली. खाली सही तुझी. अण्णा दवाखान्यात असले की माझ्या प्रगतिपुस्तकावर तू ठोकायचीस तीच, शेपटीवाली.

अण्णा 'निव्वळ झाडपाल्याच्या' म्हणून ज्या गोळ्या सहा वर्षं खात होते त्यांत स्टेरॉइड निघालं आणि आपल्या बापाची हाडं खडूसारखी भुसभुशीत झाली, तेव्हा त्यांना उचलून कुशीवर वळवणारा माणूस कोण होता? तू नोकरीच्या गावी होतीस. अण्णा गेले आणि ह्यांनी ठरवलं की दम्याचं औषध करायचं तर त्यात पानांशिवाय काही असता कामा नये. कारखान्यात ह्यांना 'अर्कमास्तर' म्हणतात ते थट्टेने, पण ती थट्टा करणारेही आपल्या घरच्या दमेकऱ्याला ह्यांचीच बाटली नेतात. त्या माणसाला तू भेसळखोर ठरवलंस.

नोव्हेंबरात तू आलीस तेव्हा तुझ्या हातांना भेगा होत्या, चमचा धरवत नव्हता. माझ्या डबीतल्या मलमाने त्या भरल्या. त्या भरलेल्या हातांनी ही सही केलीस. चांगले पांग फेडलेस.

तुझी (अजून लिहावं लागतंय म्हणून)
धाकटी


९ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा बहीण म्हणून, दुसऱ्यांदा तपासनीस म्हणून. दुसऱ्या वाचनात पुरावा शून्य निघाला.

आमच्याकडे बाटली येते तिच्यावर नाव नसतं, आकडा असतो. दोनशे सतरा म्हणजे तुझा नवरा, हे मला तुझ्याकडून कळलं. आधी कळलं असतं तरी अहवालातला एक शब्द बदलला नसता. मी भांडायला बसत नाही. तू कॉलेजात वादस्पर्धा जिंकायचीस, मी प्रयोगवही भरायचे. तेव्हा जे केलं ते सांगते. तू बी.एस्सी. अर्ध्यावर सोडलंस म्हणून सावकाश सांगते.

काचेची पट्टी असते, तिच्यावर सिलिकाचा पातळ थर, भिंतीला चुना दिल्यासारखा. खालच्या काठापासून बोटाच्या पेराहून कमी अंतरावर एक रेघ मारायची. पेन्सिलीने. शाईने मारली तर शाईच वर चढते आणि नको ते रंग दाखवते. पेन्सिल जागची हलत नाही. रेघेवर केसासारख्या बारीक नळीने शुद्ध स्टेरॉइडचा थेंब, त्याच्या शेजारी नमुन्याचा. मग पट्टी बरणीत उभी करायची. तळाशी द्रावक, पण रेघेच्या खालीच राहील इतकं. नाहीतर ठिपके चढायच्या आधीच बुडून धुऊन जातात. वर झाकण. दिव्याची वात तेल ओढते तसा तो थर द्रावक वर ओढतो, आणि द्रावक आपल्याबरोबर ठिपक्यांतल्या पदार्थांना घेऊन निघतं. ज्याला सिलिकाचा लळा, तो खालीच घुटमळतो. ज्याला द्रावकाची संगत मानवते, तो पुढे जातो. एका ठिपक्यात पाच पदार्थ असले तर पाच वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. द्रावक वरच्या काठाजवळ आलं की पट्टी काढून ते जिथवर पोचलं तिथे लगेच खूण करायची, कारण वाळल्यावर ती ओल सापडत नाही. शेवटी अतिनील दिव्याखाली धरायची. सगळी पट्टी हिरवी चमकते आणि पदार्थ जिथे थांबला तिथे काळा डाग दिसतो.

द्रावक आठ सेंटिमीटर चढलं. शुद्ध स्टेरॉइड साडेतीन चढलं. दोनशे सतरामध्ये पानांचे चार डाग होते, आणि पाचवा होता साडेतीनवर.

पट्टीला मेहुणा कळत नाही, बहीण कळत नाही. म्हणून तिच्यावर विश्वास ठेवायचा. मला पत्र लिहिण्यापेक्षा नवऱ्याला विचार.

हातांचं म्हणशील तर तुझ्या मलमाने गुण आला, अजून लावते. त्याचे आभार मी तेव्हाच मानले होते. ते इथे काढून तू त्याची किंमत घालवलीस.

ताई


१५ फेब्रुवारी

ताई,

विचारलं. चौदा वर्षं संसार केल्यावर बायकोने विचारावा असा प्रश्न नव्हता, पण तू म्हणालीस म्हणून विचारला. "अर्कात काही घातलं होतं का हो?" हे चष्मा पुसत बसले होते. पुसायचं थांबवलं नाही. म्हणाले, "बरं केलंस विचारलंस. आता विचारायचं राहिलंय असं कुणी उरलं नाही." मग उठून खिडकी पुसायला लागले. आठ दिवस हेच चाललंय. घरातली प्रत्येक काच स्वच्छ आहे.

आता मी विचारते आणि तू उत्तर दे. शाळेच्या ग्रंथालयातून रसायनाचं पुस्तक आणलंय. अर्ध्यावर सोडलेली माणसं उरलेलं अर्धं वाचू शकतात, ही बातमी तुझ्या प्रयोगशाळेला कळव.

साडेतीनवर दोन डाग थांबले म्हणून ते एकच पदार्थ, हे तुला कुणी सांगितलं? जिन्यावरून दोन माणसं एकाच मजल्यावर थांबली तर तू त्यांना एका घरची ठरवशील? पानांतलाच एखादा पदार्थ तेवढाच चढत असेल तर? दोघांना एकाच ठिपक्यात घालून चढवलंस का? द्रावक बदलून पाहिलंस का? नुसतं कोरं द्रावक चढवलंस का, तुझ्याच बाटलीत घाण नाही याची खात्री म्हणून? पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की ही पहिली चाळणी आहे. मोठ्या यंत्रावर तपासल्याशिवाय तिला निकाल म्हणू नये. तू चाळणी हलवलीस आणि माणूस फेकून दिलास.

आणि पट्टीला बहीण कळत नाही हे मला पटलं. पट्टी काचेची आहे. तुला काय झालंय?

धाकटी


२१ फेब्रुवारी

धाकटे,

पुस्तक चांगलं निवडलंस. त्यात आहे ते सगळं केलंय.

दोन ठिपक्यांच्या मध्ये तिसरा होता. त्यात शुद्ध स्टेरॉइड आणि दोनशे सतरा, एकावर एक. पदार्थ वेगळे असते तर त्या उंचीच्या आसपास कुठेतरी दोन तोंडं फुटली असती. एकच गोल डाग आला. द्रावक बदललं, तेव्हा उंची बदलली. पण दोघांची बदलली, आणि सारखीच बदलली. बाटलीतून कोरं द्रावक थेट घेऊन चढवलं, पट्टी स्वच्छ. मोठ्या यंत्राची शिफारस अहवालात शेवटच्या ओळीत आहे. कारखान्याने त्याआधीच खिळे ठोकले, त्याला मी जबाबदार नाही. फोटो सोबत पाठवते. नीट बघ.

नमुना फिका होता. म्हणून एकाच जागी दहा वेळा थेंब दिला, दर वेळी वाळवून, ठिपका पसरू न देता. सोबतच्या बाई म्हणाल्या, मी करते. मी करू दिलं नाही. दोनशे सतरा द्रावकात विरघळवताना नळीसुद्धा मीच हलवली, अण्णा हलवायचे तशी, शंभरपर्यंत मोजून. यात कुणा दुसऱ्याचा हात नाही, तेव्हा दुसऱ्या कुणाला शोधू नकोस.

तू विचारतेस मला काय झालंय. सांगते. मी नोकरीच्या गावी होते हे खरं, पण त्या शेवटच्या रविवारी घरी होते. अण्णांना वळवताना बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकलाय. वाळकी काडी मोडावी तसा. तुझा नवरा 'सॉरी अण्णा, सॉरी' म्हणत होता आणि अण्णाच त्याची समजूत काढत होते. तेव्हापासून दम्याच्या प्रत्येक औषधात मी तो डाग शोधते. त्या दिवशी तो दिव्याखाली दिसला तेव्हा मला आनंद झाला. या वेळी सापडलास, असं म्हणाले मी, मोठ्याने. तो कुणाचा निघाला यावर माझा इलाज नाही.

यानंतर या विषयावर लिहू नकोस.

ताई


१४ मार्च

ताई,

तीन आठवडे लिहिलं नाही. तुझा शब्द मानला असं समजू नकोस. तुझ्या पत्रातलं एक वाक्य घशात अडकलं होतं, आणि ते बाहेर काढायचं तर माझ्याच घशाला कापावं लागणार होतं.

'अण्णा हलवायचे तशी.'

शाळेच्या प्रयोगशाळेत अण्णा पोरांना ओरडायचे, "नळीला बूच लावा, बूच." आणि स्वतः? नळीच्या तोंडावर अंगठा दाबायचे आणि डोळे मिटून शंभर मोजायचे. त्यांचा अंगठा कायम पिवळा असायचा. आपण दोघी त्यांच्या टेबलाखाली बसून मोकळ्या नळ्यांत पाणी घालून तेच करायचो. मी अजून बाटलीत काही ढवळायचं असलं की अंगठाच लावते. परवा नळाखाली हात धरून मी माझ्या अंगठ्याकडे बघत उभी राहिले.

तू हातमोजे घालत नाहीस. त्याने हात चिघळतात, हे तूच नोव्हेंबरात सांगितलंस. म्हणजे तुझा उघडा अंगठा, मलम चोपडलेला, नळीच्या तोंडावर, आणि खाली द्रावक शंभर वेळा त्याच्यावर आपटत होतं. कोरं द्रावक तू बाटलीतून थेट घेतलंस, त्याला अंगठा लागलाच नाही. म्हणून ते स्वच्छ.

आता तू म्हणशील, मलमात मेण आणि तेल, त्याचा स्टेरॉइडशी काय संबंध?

त्याच मुक्कामात तू त्वचेच्या डॉक्टरांनी दिलेल्या ट्यूबा माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्यास. म्हणालीस, "अण्णांना ज्याने खाल्लं त्याला मी मेले तरी हात लावणार नाही." मी पुष्कळ समजावलं की पोटात घेणं वेगळं, महिनाभर कातडीला लावणं वेगळं. तू ऐकतेस होय कुणाचं? तुझ्या बोटांतून रक्त येत होतं. तू आंघोळीला गेलीस तेव्हा मी त्या ट्यूबा कचऱ्यातून काढल्या. ह्यांनी मेण-तेलाचं मलम घोटून दिलं होतं, त्यात तिन्ही पिळल्या, एकजीव केल्या, आणि झाकणावर लिहिलं 'घरचं मलम'. डबी संपत आली असं तू कळवलंस तेव्हा आणखी ट्यूबा विकत आणून दुसरी केली. ह्यांना माहीत नव्हतं. ट्यूबवरचं नाव आणि तुझ्या अहवालातलं नाव मी अक्षर अन् अक्षर ताडून पाहिलंय.

तुझा डाग खरा आहे ताई. फक्त, तो अर्कातला नाही.

काल ह्यांना सांगितलं. या वेळी चष्मा पुसायचं थांबवलं. मग म्हणाले, "म्हणजे भेसळ झाली ती आपल्याच घरात." आणि उठून दुसऱ्या खोलीत गेले. तेव्हापासून मला 'तुम्ही' म्हणतायत.

आता तू तपास.

धाकटी


१८ मार्च

धाकटे,

चार महिने. चार महिने तू माझ्या कातडीतून माझ्या अंगात ते मुरवलंस, वर झाकणावर खोटं लिहिलंस. अण्णांना गोळ्या विकणाऱ्यानेही डबीवर असंच लिहिलं होतं. त्याच्यात आणि तुझ्यात फरक दाखव. तो म्हणेल त्याच्या गोळ्यांनी अण्णांना बरं वाटत होतं. तूही तेच म्हणशील.

आणि आता स्वतःच्या नवऱ्याला सोडवायला ही गोष्ट रचली नाहीस हे मी कशावरून मानू? एकोणीस वर्षं मी या टेबलावर काम करतेय. अंगठा लावायला मी शाळकरी पोर नाही. मी बूच लावलं होतं.

डबी फेकली. तूही मला मेलीस.

ताई


२२ मार्च

ताई,

फरक एवढाच की तो कधी कबूल झाला नाही.

बूच लावलं असशील तर मग घाबरायचं कारण नाही. कारखान्याच्या प्रत्येक नमुन्याची अर्धी बाटली तुम्ही लाखेने बंद करून ठेवता, हे मला पुस्तकाने सांगितलं. ती फोड. अर्धा अर्क बूच लावून हलव. अर्धा अंगठा लावून हलव, मलम चोपडून. डबी फेकलीस म्हणून मी मलम कालवलं त्या वाटीतून खरवडून काढलेलं या पाकिटात ठेवलंय, बाहेर नाव लिहिलंय, खरं नाव. दोन्ही अर्क आणि हे मलम, तिन्ही एका पट्टीवर चढव. तुझ्या साहेबांना शेजारी उभं कर.

पट्टीला बहीण कळत नाही ना? मग तिलाच विचारू.

धाकटी


९ एप्रिल

धाकटे,

पाकीट दहा दिवस खणात पडून होतं. अकराव्या दिवशी सकाळी एक साधा नमुना तपासत होते, कुठलंतरी मीठ. सोबतच्या बाई माझ्याकडे बघून हसल्या. म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही मोजताना डोळे मिटता." मी खाली पाहिलं. माझा अंगठा नळीवर होता. बूच समोर पडलं होतं, कोरडं.

मी खोटं लिहिलं नव्हतं. मला खरंच वाटत होतं की मी बूच लावते. पोरांना ओरडताना अण्णांनाही तसंच वाटत असणार.

साहेबांसमोर राखीव बाटली फोडली. पहिला ठिपका बुचाचा, दुसरा अंगठ्याचा, तिसरा तुझ्या वाटीचा. बरणीवर झाकण ठेवलं आणि आम्ही दोघं खुर्च्या ओढून बसलो. द्रावक चढायला पंचवीस मिनिटं लागली. एकोणीस वर्षांत मी त्या बरणीसमोर कधी बसले नव्हते, दुसरं काम करत असायचे.

दिव्याखाली बुचाच्या ठिपक्यात पानांचे चार डाग. साडेतीनवर काही नाही. अंगठ्याच्या ठिपक्यात तेच चार, आणि साडेतीनवर पाचवा. वाटीतलं मलम त्याच्या शेजारी, त्याच उंचीवर. राखीव बाटलीतलं उरलेलं मोठ्या यंत्रावरही पाठवलं. काल उत्तर आलं: पानं, आणि पानांशिवाय काही नाही.

अहवाल मागे घेतला. कारखान्याला लिहिलं की नमुना दोनशे सतरा निर्दोष आहे, दोष तपासणाऱ्या बाईच्या अंगठ्याचा. असंच लिहिलं, साहेब 'तांत्रिक त्रुटी' लिहा म्हणत होते तरी. वर्षभर माझी सही चालणार नाही. बाकीचे मागतील ते सामान आणून द्यायचं आणि नळ्या धुवायच्या. मी हरकत घेतली नाही.

मलमात स्टेरॉइड कुठून आलं, असं साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, हाताचं औषध होतं. तुझं नाव घेतलं नाही. यात उपकार शोधू नकोस. तुझा गुन्हा मला साहेबांबरोबर वाटून घ्यायचा नाही. तो मला अख्खा हवाय.

मेहुण्यांना माझ्या वतीने काही सांगू नकोस. त्यांना मी वेगळं लिहिलंय. ते उत्तर देणार नाहीत, देऊही नये.

भेगा पुन्हा उघडल्या आहेत. हे सहज लिहिलं.

ताई


२६ एप्रिल

ताई,

कारखान्याने पाकिटातून दोन ओळी पाठवल्या की यांना परत घेत आहोत. ह्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बदनामी फाटकावर आणि माफी पाकिटात? असं नाही चालायचं." मी म्हटलं, "अहो, जाऊ द्या." ते म्हणाले, "तुम्ही मध्ये बोलू नका." बारा दिवस घरी बसले. मुकादम दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा तो म्हणाला, "मास्तर, तुमच्या जागी बसवलाय तो पानं उकळतो की स्वतःचे कपडे, कळत नाही." हे हसले, पण उठले नाहीत.

तेराव्या दिवशी फाटकावर कागद लागला. त्याच चार खिळ्यांवर, त्याच उंचीवर. समोरच्या काकू मुद्दाम चष्मा घेऊन वाचून आल्या. हे जेवणाचा डबा घेऊन निघाले. दारात थांबून मला म्हणाले, "संध्याकाळी उशीर होईल गं." त्या 'गं'साठी मी दीड महिना थांबले होते.

तुझं त्यांना आलेलं पत्र त्यांनी मला दाखवलं नाही. फाडलंही नाही. अर्कवहीत ठेवलंय.

मी तुला माफ केलेलं नाही. पहिल्या चाळणीवर तू तुझ्या माणसाला भेसळखोर मानलंस, आणि दिव्याखाली आनंदलीस, हे मला कधी गिळवणार नाही. तू मला माफ करू नकोस. निदान तेवढ्यात तरी आपण एका उंचीवर राहू.

सोबत डबी पाठवतेय. या वेळी यात काय काय आहे आणि किती, ते झाकणावर सगळं लिहिलंय, डॉक्टरांच्या ट्यूबचं नावही. पेन्सिलीने. नको असेल तर फेक, पण वाचून फेक. माझ्यावर विश्वास नसेल तर पट्टीवर चढव.

बूच लावून.

धाकटी